बदरूच्या वाट्याची कौलं

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज जुईनगर गावात घर पाडत होते, तिथं गेलो. यंत्राने अर्धं छप्पर लोळवलं होतं. उरलेल्या पाख्यावरून दोन मंगळुरी कौलं उतरवून घेतली. उलटी करून पोटावरचा कारखान्याचा ठसा पाहिला. चाक, आत सहा आरे. या कारखान्याचं कौल आमच्याकडे आहे, पण त्याच्या चाकाला आठ आरे. म्हणजे मध्ये कधीतरी साचा बदललेला. हे आजवर कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

तिथंच उभं राहून बदरूला फोन लावला. दोन रिंग गेल्यावर भानावर आलो आणि बंद केला.

मग हातातल्या कौलांकडे पाहिलं. दोन का उचलली? सवय. पडणाऱ्या घरावरून दोनच घ्यायची, एक त्याला, एक मला, असा आमचा पंधरा वर्षांचा नियम. आता दुसरं कोणाला देणार?

संध्याकाळी त्याच्या मुलाचा, कैफचा फोन. "चाचा, अब्बांच्या फोनवर तुमचा मिस कॉल आहे." चुकून लागला म्हणालो. तो म्हणाला, "चालतंय. मी पण लावतो कधी कधी."

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी बदरुद्दीन गेला. खांदेश्वरच्या त्याच्या कपबश्यांच्या दुकानात, कपांचा खोका उघडताना. हार्ट. रोज संध्याकाळी जे त्याला फोनवर सांगायचो ते आता इथं लिहीन म्हणतो. मी शाळा नववीत सोडली, पण अक्षर चांगलं आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचा फराळ घेऊन खांदेश्वरला गेलो. माझी बायको वैजयंती म्हणाली, दुःखाच्या घरी फराळ कसा न्यायचा? मी म्हटलं, दर वर्षी नेतो, या वर्षी नाही नेला तर ते जास्त वाईट दिसेल.

साबिराभाभींची इद्दत चालू आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. पंधरा वर्षं मी या घरात त्यांच्या हातची सांदणं खाल्ली, आज परका झालो. हॉल आणि आतल्या खोलीमध्ये पडदा. मी सोफ्यावर, त्या पडद्याआड.

"भाऊ, बसलात?"

"बसलो, भाभी."

"कैफ, चाचांना पंखा लाव. चकली आणलीत ना? ते विचारायचे, नरकचतुर्दशी कधी आहे म्हणून. सणासाठी नाही, चकलीसाठी."

हसल्या असाव्यात.

कामाचं बोललो. सोसायटीने गच्चीवर सोलर लावायचं ठरवलंय. बदरूची कौलं तिथं आहेत, ती डिसेंबरअखेर हलवायची आहेत. मी योजना सांगितली. सगळी कौलं नेरूळला माझ्या गच्चीवर नेईन. माझी एका बाजूला, त्याची एका बाजूला. ठशाप्रमाणे ओळी. वर त्याच्या नावाची पाटी, पितळी.

पडद्याआडून उत्तर आलं, "पाटी नको, भाऊ. छप्पर घाला."

मला कळेना. मग कैफने सांगितलं. इद्दत संपली की अम्मी म्हसळ्याच्या पुढे, गावच्या घरी राहायला जाणार. रमजानचा चाँद तिथंच बघायचा म्हणते. घर ठीक आहे, पण मागची पडवी गेल्या पावसाळ्यात बसली. चुलीपासून विहिरीपर्यंतची तेवढीच जागा तिच्या बसण्याउठण्याची. "मी बोललो पत्रा टाकू. कलरवाला येतो आता, झकास. एका दिवसात काम तमाम."

"पत्र्याखाली भाकरी नाही भाजणार मी," आतून. "तुझ्या अब्बांनी मला कौलाची पडवी कबूल केलीय. कौलं आहेत. छपराचीच वस्तू आहे ना ती?"

मी चहा अर्धा ठेवून उठलो. हे बरोबर केलं नाही.

४ नोव्हेंबर

संग्रह म्हणजे सामान नव्हे. प्रत्येक कौल एका घराचं. पोटावर ऑइलपेंटने घराचं नाव, गाव, साल. माझं पांढऱ्या रंगात, बदरूचं हिरव्या. जी घरं आज नेरूळमध्ये, जुईनगरमध्ये, शिरवण्यात शोधून सापडणार नाहीत त्यांची ही शेवटची खूण. ती छपरावर घालायची म्हणजे वानरांच्या पायाखाली द्यायची.

वैजयंतीला हे सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कौल छपरावर नाय घालायचा तर काय शोकेसमधी घालायचा? बाहेर कोनाला सांगू नका, हसतील."

१० नोव्हेंबर, रविवार

पुन्हा खांदेश्वर. निदान मोजमाप तरी नीट व्हावं म्हणून. कैफने लिफ्टमधून थोडी थोडी करून कौलं खाली आणली, हॉलमध्ये गोणपाटावर मांडली. शंभरावर आहेत. त्या पडवीला लागतील तितकीच म्हणायची.

छपरावर जाणारं कौल आधी वाजवून बघावं लागतं. हातात टांगतं धरायचं आणि बोटाच्या पेराने टक् करायचं. धड कौल काशाच्या थाळीसारखं वाजतं, आवाज थोडा वेळ हवेत राहतो. तड गेलेलं बोदं वाजतं. डोळ्याला ती तड दिसेलच असं नाही. कानाला कळते. एरवी हे काम बदरूचं होतं. ठसा मी वाचायचा, कौल त्याने वाजवायचं, ही आमची वाटणी. दोन्ही वाजवून एक माझ्या हातात द्यायचा, एक स्वतःच्या पिशवीत टाकायचा. मी तोवर ठशात गुंतलेला असायचो.

पहिलं कौल घेतलं ते माझ्याच घराचं. हिरव्या अक्षरात, 'भोपी, नेरूळ गाव'. वडिलांचं घर पाडून आम्ही चार मजले चढवले तेव्हा बदरू जळलेली पाण्याची मोटार गुंडाळून घ्यायला माझ्या वाइंडिंगच्या दुकानात आला होता. ओळख ना पाळख. पडलेल्या ढिगाजवळ थांबला, दोन कौलं उचलली, वाजवली, म्हणाला, "शेठ, हे एक घरात ठेवा. घरमालकाकडं घराचं एक तरी कौल पायजे. हे दुसरं मी नेऊ?" आणि कौल उलटं करून मला ठसा दाखवला. चाळीस वर्षं त्या छपराखाली झोपलो, ठसा पाहिला नव्हता. तिथून मला नाद लागला. पुढे ठशांच्या बाबतीत मी त्याच्या फार पुढे गेलो, हे तोही मान्य करायचा. मला 'उस्ताद' म्हणायचा.

त्याचं ते कौल वाजवलं.

"फुटकं," पडद्याआडून आवाज.

दुसरं. "फुटकं."

तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी मी तोंड उघडण्याआधी आतून उत्तर. नंतर उत्तर यायचं बंद झालं. मीच वाजवत राहिलो. सगळी पाहिली. धड म्हणावीत अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

"भाभी, ही छपराला चालणार नाहीत."

"तरी लावा, भाऊ."

"गळेल."

"गळू दे."

दुःखात माणूस असं बोलतो. मी वाद घातला नाही.

कारण मात्र मला कळलं, ते इथं नोंदवतो. बदरू कौलं आडवी, एकावर एक रचायचा. मी त्याला शंभरदा सांगितलं होतं. कौल उभं ठेवावं, खाली लाकडाची पट्टी, दोहोंत बोटभर फट. आडव्या चवडीत खालच्या कौलावर वरचं सगळं ओझं. तडा जाणारच. हयगय. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण खरं आहे ते आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

चाळीसवा. फातिहा झाली. पुरुषांच्या पंगतीत मला बदरूच्या मोठ्या भावाशेजारी बसवलं. कोणीतरी विचारलं, हे कोण? भाऊ म्हणाला, "हे कौलवाले." बास, तेवढ्याने सगळ्यांना कळलं. बदरू घरात आमच्याबद्दल बोलायचा तर.

जेवणं झाल्यावर कैफ म्हणाला, "चाचा, दुकान उघडतो आजपासून. तुम्ही या ना, एकट्याला कसंतरी होतं." गेलो. शटर वर केलं. तो खोका अजून तसाच, अर्धा उघडलेला. पेंढ्यातून दोन कप वर आलेले.

एक बाई अर्धा डझन कप घ्यायला आली. कैफ एकेक कप उचलून नखाने टिचकी मारायचा, कानाजवळ न्यायचा, पुन्हा मारायचा. बाई कंटाळली. ती गेल्यावर म्हणाला, "मला नाय जमत. अब्बा फोनवर बोलता बोलता वाजवायचे. बोदा लागला की बोलणं न थांबवता बाजूला. आणि तो बोदा कप घरी. आमच्या घरी आयुष्यात धड कप नाही, चाचा. अम्मी बोंबलायची, लोकांना चांगले आणि आपल्याला फुटके? तर म्हणायचे, आपल्याला माहीत आहे तो फुटका आहे, आपण सांभाळून पिऊ. दुसऱ्याच्या हातात सुटेल."

मी हसलो. परत येताना विचार केला, इतका कान असलेल्या माणसाला कौलांचा कान कसा नव्हता? उत्तर सोपं आहे. चिनी माती वेगळी, भाजलेली लाल माती वेगळी. एकाचा कान दुसऱ्याला चालत नाही. पंपाच्या मोटारीचा आवाज ओळखणारा पंख्याची मोटार ओळखेलच असं नाही. मी दोन्ही ओळखतो, पण सगळे ओळखत नाहीत.

८ डिसेंबर, रविवार

आज माझी स्वतःची कौलं वाजवली. आजवर कधी वाजवली नव्हती, गरज वाटली नाही.

सगळी वाजतात. एकूण एक. गच्चीवर अशी किणकिण झाली की शेजारच्या इमारतीतून कोणी ओरडलं, "भगवानशेठ, देऊळ काढलं का?" पट्टीवर उभं ठेवण्याचा हा परिणाम. इतकी वर्षं जी पद्धत मी स्वतः शोधून काढली, कोणत्या पुस्तकात वाचून नाही, ती बरोबर होती.

वैजयंती वाळवण काढायला वर आली होती. तिला सांगितलं.

"तुमची सगली धड आनि त्यांची सगली फुटकी?"

"ठेवण्याची पद्धत."

"एकाच घरावरशी उतरवलेली ना दोनी?"

"हो. म्हणून तर पद्धतीचा फरक दिसतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कुरडयांचं सूप उचलून खाली गेली. तिला यातलं कळत नाही.

रात्री कैफचा फोन. मी सुचवलं होतं की पेणकडे नवी कौलं मिळतात, मी स्वतः निवडून देतो. तर साबिराभाभी म्हणतात, नवी नकोत. "अम्मी बोलली, पत्राच टाक. जाऊ दे म्हणाली. मी ऑर्डर देऊन टाकली, चाचा. जानेवारीत बसवू. तुमच्या डोक्याला ताप नको."

संग्रह वाचला. माझा मुद्दा मान्य झाला. झोप मात्र लागत नाही. ॲसिडिटी असावी.

१६ डिसेंबर

माझ्या संग्रहातली कौलं द्यावीत असं कोणी म्हटलेलं नाही. भाभी म्हणाल्या नाहीत, कैफच्या डोक्यातही आलं नसेल. वैजयंतीही म्हणाली नाही. तरी दिवसभर मी दुकानात मनातल्या मनात कोणाला तरी उत्तर देत होतो की ते शक्य नाही.

२२ डिसेंबर, रविवार

बदरूची कौलं टेम्पोने नेरूळला आणली. गच्चीवर त्याच्या बाजूला पट्ट्या टाकून ठेवल्या होत्या. एकेक उभं करत होतो.

दुपारी एक कौल हातात असतानाच दुभंगलं. सारसोळ्याच्या एका घराचं. स्वयंपाकघरावरचं, पोट धुराने काळं झालेलं. जोर लावला नव्हता. तड होतीच, ती उघडली.

तुकडे जुळवून बघावेत म्हणून उन्हात धरले. ताजं मोडलेलं कौल आतून लाल असतं, विटेसारखं. याची मोडलेली कड काळी होती. वरच्या बाजूला नखाएवढी लाल रेघ, तेवढंच आज मोडलं. बाकी सगळ्या कडेवर काजळी. बोट लावलं तर बोटाला आली.

गच्चीवर चूल नसते.

म्हणजे तड गेली तेव्हा कौल सारसोळ्याच्या त्या स्वयंपाकघरावर होतं. खाली चूल पेटत होती आणि धूर तडीत शिरत होता. वर्षानुवर्षं. आम्ही ते उतरवायच्या कितीतरी आधी.

मग भिंग आणलं. जिच्यात नख शिरेल अशी तड ज्या ज्या कौलाला दिसली ते पाहिलं. एकाच्या तडीत वाळलेलं शेवाळ. एकाच्या तडीत चुना, कोणीतरी गळती बंद करायला भरलेला. माझ्या घराच्या कौलात डांबर. ते वडिलांनी भरलं असणार. दर वर्षी कौलं परतायच्या वेळी ते डांबराचा डबा घेऊन चढायचे, खालून मी हातात काठी देत असे.

आडव्या चवडीचा काही संबंध नाही. मी दहा नोव्हेंबरला लिहिलं ते चूक आहे.

दोन्ही कौलं तो वाजवायचा. दर वेळी. मग एक माझ्या हातात.

२३ डिसेंबर

दुकान उघडलं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

कैफला सकाळी फोन केला. पत्र्याची ऑर्डर रद्द कर म्हटलं.

"का, चाचा?"

"कौलं मिळाली."

"कुठून?"

"आहेत. तू रीप आणि वासे बघ, सागवान नको, शिवण चालेल. कीड नको."

"अम्मी विचारेल कुठून."

"सांग, उस्तादांनी बघितली आहेत."

आता कामाची अडचण. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. खाचा सारख्या दिसतात, पण कुठे दोराभर फरक असतो आणि तेवढ्यातून पाणी येतं. म्हणून गच्चीवरच जमिनीवर पडवीचं माप आखलं आणि कोरडं छप्पर मांडलं. चाकाची कौलं एका उभ्या पट्ट्यात, माशाची दुसऱ्या, होकायंत्राची तिसऱ्या. जिथं दोन कारखाने भेटतात तिथली खाच कानशीने घासली. पंधरा वर्षं ठसे वाचल्याचा हा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या कोणाला हे जमलं नसतं.

वैजयंती चहा घेऊन आली. मांडलेल्या छपराभोवती फिरली. नावं वाचत होती. एका ठिकाणी थांबली, "हा माझ्या मामाचा घर." मग म्हणाली, "नक्की देताव ना? नंतर आजारी पडू नका."

"कौल छपराचीच वस्तू आहे," मी म्हणालो.

तिने तोंड फिरवलं. हसली की काय, दिसलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

काल पहाटे टेम्पो निघाला. पेण, माणगाव, म्हसळा. कौलं पेंढ्यात, उभी. प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हरला ओरडलो. शेवटी तो म्हणाला, "काका, आत नवरी बसवलीय का?"

गावात लोक जमले. एका म्हाताऱ्या चाचांनी विचारलं, "जुनी कौलं मुंबईवरून इकडं? आमी तर इकडची काढून फेकली." कैफ म्हणाला, "चाचा, ही इम्पोर्टेड आहेत. नेरूळची."

छप्पर खालून वर चढत जातं. आधी वळचणीची ओळ, मग त्यावर दुसरी, शेवटी आढ्यावर दोन्ही उतार झाकणारी कौलं, कोने. कैफ देत होता, मी बसवत होतो. लहानपणी वडिलांबरोबर चढलो त्यानंतर आज. गुडघे कुरकुरले, पण हात चुकला नाही.

सगळी माझीच घातली. एक सोडून. बदरूच्या वाट्याचं माझ्या घराचं ते डांबर भरलेलं कौल मी पिशवीतून वेगळं आणलं होतं. फुटकं कौल छपरात घालायचं नाही, हा नियम मी मोडलेला नाही. पण वळचणीची ओळ भिंतीच्या बाहेर येते. तिथल्या कौलातून पाणी आलंच तर ते अंगणातच पडतं, पडवीत नाही. तिथं ते बसवलं, खांबाजवळ. त्याच रांगेत वर, मधोमध, माझ्या घराचं माझं कौल.

बाराच्या उन्हात आत उभं राहून पाहिलं. फट असेल तर कवडसा पडतो. एकही नाही. मग आढ्यावरून बादल्या ओतल्या. पडवी कोरडी. बाहेर सगळ्या कौलांच्या टोकांवरून पाणी सरळ पडत होतं. खांबाजवळच्या एका कौलाच्या पोटातून मात्र थेंब थेंब. कैफ म्हणाला, "ते बदलू?"

"राहू दे," मी म्हणालो. "ते तुझ्या अब्बांचं आहे."

२२ फेब्रुवारी, शनिवार

परवा इद्दत संपली. आज साबिराभाभी गावी आल्या. मी आणि वैजयंती आधीच पोचलो होतो. त्या गाडीतून उतरल्या. त्यांचा चेहरा मी ऑक्टोबरनंतर आज पाहिला. बारीक झाल्यात. वैजयंतीने पुढे होऊन हात धरला. दोघी तशाच आत गेल्या.

पडवीत आल्यावर त्यांनी मान वर केली.

मी संग्रह गेला असं समजत होतो. एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. कौलाचं पोट खाली असतं. गच्चीवर रचून ठेवलेली असताना एक नाव बघायला एक कौल काढावं लागायचं. इथं सगळी नावं डोक्यावर, एकाशेजारी एक, ठशासकट. सगळं गाव वर होतं.

त्या हळूहळू चालत वाचत होत्या. पांढरी अक्षरं.

"ही तुमची आहेत, भाऊ."

"बदरूची गळकी होती."

"हां. ती पहिल्यापासून तशीच होती."

वैजयंती चुलीकडे वळली, उगाच भांडी हलवायला लागली.

"मी त्यांना विचारायचे," भाभी वर बघतच म्हणाल्या, "पडवी कधी घालणार? म्हणायचे, टेन्शन कशाला घेतेस, चांगली कौलं नेरूळला आहेत, भगवानकडं. मी म्हणायचे, ती तर त्याची. तर म्हणायचे, त्याच्याकडं आहेत म्हणजे आहेत."

"मग तुम्ही मागितली का नाहीत, भाभी? त्या दिवशी? नुसतं एकदा म्हणायचं."

"त्यांनी कधी मागितली नाहीत," त्या म्हणाल्या. "मी कशी मागू?"

कैफने खाट आणून टाकली. मला बसायला सांगितलं. चहा आला. माझ्या कपाला कानाशी तड होती. सांभाळून प्यालो.

निघताना भाभी अंगणात आल्या. खांबाजवळच्या कौलाकडे बघितलं, हिरव्या अक्षरांकडे. पदराने टोक पुसलं, धूळ नव्हती तरी.

२ मार्च, रविवार

आज पहिला रोजा. काल चाँद दिसल्यावर कैफचा फोन आला होता. अम्मी पडवीत पाट टाकून बसली होती म्हणाला. आणि वानरांनी काल एक कौल फोडलं. जादा एखादं आहे का, चाचा?

गच्चीवर गेलो. माझ्या बाजूच्या पट्ट्या रिकाम्या. बदरूची उभी आहेत, बोटभर फट ठेवून. कोपऱ्यात गोणपाटाखाली जुईनगरची ती दोन होती, सहा आऱ्यांची. ऑक्टोबरपासून तशीच. नाव घालायचं राहिलं होतं, वाजवायचंही.

पहिलं टांगतं धरलं, पेराने मारलं. वाजलं. आवाज बराच वेळ राहिला.

दुसरं वाजवलं. बोदं.

वाजलं त्याच्यावर घराचं नाव घातलं, जुईनगर लिहिलं, साल लिहिलं. वाळल्यावर पेंढ्यात गुंडाळलं. उद्या कैफकडे देईन.

दुसरं माझं. त्यावरही नाव घातलं. पांढरा रंग संपला होता, बदरूच्या डब्यातला हिरवा घेतला.